उजेडाचा दोष

बायकोनं सहलीच्या पुस्तकातल्या पान सातवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हेच. ठरलं माझं." मी चहाचा घोट घेता घेता वाकून बघितलं आणि घोट तसाच तोंडात राहिला. तो मासा तिथं होता. पिवळा, अंगावर दोन काळे पट्टे, शेपटीचा वरचा कोपरा कातरलेला. एकदा डावीकडे तोंड करून, एकदा उजवीकडे, एकदा जरा लहान होऊन लांबवर, आणि चौथ्यांदा अर्धाच, एका जांभळ्या प्रवाळाच्या आड. बघणाऱ्याला चार मासे. पण तो एकच मासा होता, चारदा. कातरलेली शेपटी तिन्ही ठिकाणी दुरुस्त करायची राहून गेली होती, आणि हे जगात मला एकट्याला माहीत होतं, कारण त्यांना तिथं सोडणारा मीच. "काय झालं? भाजलं का?" ती म्हणाली. मी मान हलवली. चहा गार होता.

मी छापखान्यात रंग दुरुस्त करतो. असं सांगितलं की लोकांना वाटतं मी भिंती रंगवतो. तर तसं नाही. फोटो छापायला जायच्या आधी माझ्या पडद्यावर येतात, आणि कुणाच्या गालावर हिरवट झाक आली असेल, कुणाचं आकाश मळकट पडलं असेल, तर ते मी जागेवर आणतो. तीस वर्षं झाली. पाव, बूट, नवऱ्यामुली, ट्रॅक्टर, पुढारी, सगळ्यांचे रंग माझ्या हातून गेलेत. या कामाची एकच किल्ली आहे, ती माझ्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यात दिली होती: फोटोत एखादी अशी वस्तू शोध जिचा रंग तुला पक्का ठाऊक आहे. लिंबू, माणसाचा हात, पाटीपेन्सिल, काहीही. ती बरोबर दिसली की उजेड बरोबर. ती बिघडलेली दिसली की दोष उजेडाचा. मग बाकीचं तिच्यावरून लाव. इतकी सोपी गोष्ट आहे. गाढवालासुद्धा जमेल.

"तुम्हाला यातलं कळतं," ती म्हणाली, "म्हणून विचारते. चारही कंपन्यांची पुस्तकं आणलीत मी. या दोघांचे फोटो मला खोटे वाटतात, बघा ना, पाणी किती निळं, औषधासारखं. हा तिसरा धुरकट आहे. हे मात्र खरं वाटतं. आहे ना खरं? तेवढं सांगा, बाकी मी बघते." आणि माझ्याकडे बघत राहिली. हे तिचं बघणं मला सोसत नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तरी ती अजून एखादी गोष्ट विचारते तेव्हा उत्तर मिळणार असं धरून बघते. बरं, माझ्यावर एवढा विश्वास ठेवायला मी हिला कारण तरी काय दिलं? धंद्यातलं कळतं, एवढंच. डॉक्टरच्या बायकोनं नवऱ्याला नाडी दाखवावी, तसं.

ही सहल अशीच उगवलेली नाही. अकरा वर्षं आई आतल्या खोलीत पडून होती, उजवी बाजू गेलेली. अकरा वर्षं हिनं तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवलं, पुसलं, भरवलं. माझी बहीण वर्षातून दोनदा यायची, "वहिनी, तू होतीस म्हणून," असं म्हणून डोळे पुसायची आणि चारच्या गाडीनं परत जायची. मी तरी काय वेगळा होतो? मला रोज आठ वाजेपर्यंत छापखान्यात काम असायचं. तेवढं काम नसायचं. तर त्या खोलीत आईच्या पायथ्याशी टीव्ही होता, आणि आईला झोप लागावी म्हणून ही तो आवाज बंद करून बघायची. आवाज बंद करून बघण्यासारखं टीव्हीवर फार काही नसतं. बातम्यांना आवाज लागतो, मालिकांना आवाज लागतो. माशांना लागत नाही. म्हणून ही समुद्राखालचे कार्यक्रम बघायला लागली. मी उशिरा घरी यायचो, तर अंधाऱ्या खोलीत आईचं घोरणं, आणि हिच्या तोंडावर तो निळा-नारिंगी उजेड हलतोय. "जेवण झाकून ठेवलंय," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणायची. कधी मध्येच सांगायची, "अहो, ही दगडं नाहीत, माहितीये? जिवंत असतात ती. एकेकात हजार जीव." मी म्हणायचो, असतील. भात गार झालेला असायचा आणि माझं लक्ष भाताकडे.

आई थंडीत गेली. ते कसं झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि हिनं कधी काढलेलं नाही. जायच्या तीन आठवडे आधी ही म्हणाली, "आई पिवळ्या दिसतायत मला. डोळ्यात बघा." मी गेलो, वाकलो, पापणी खाली ओढून बघितली. आता मी रंगातला माणूस. मी वर ट्यूबकडे बघितलं आणि म्हणालो, "नवी ट्यूब आहे ना, तिचा उजेड पिवळा पडतो. त्यामुळे वाटतं." ती म्हणाली, "हो का? बरं." बरं! एवढंच. आणि अकरा दिवस गेले. अकराव्या दिवशी महिन्यातून एकदा तपासायला येणारी नर्स आली, तिनं खिडकीचा पडदा सरकवला आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मी स्वयंपाकघरात निघून गेलो. डॉक्टर म्हणाले, या वयात तसाही उपयोग नव्हता. डॉक्टर लोक बोलतात ते बरं असतं. पण त्या खोलीत उशीवर पांढराशुभ्र अभ्रा होता, हिनं सकाळीच बदललेला. पांढरा तो पांढराच दिसत होता. मी बघितला होता. एवढा माझ्या हातातला कंदील, आणि माझ्याच पायाखाली अंधार.

आईचे दिवस झाले आणि महिन्याभरानं ही एक दिवस म्हणाली, "मी पोहायला शिकणार आहे." मी हसलो. वय चोपन्न, गुडघे बोलायला लागलेले. म्हणालो, "या वयात मासोळी होऊन काय करणार?" तर म्हणाली, "मासे बघणार." आधी घरातच घमेल्यात पाणी भरून तोंड बुडवायची आणि मला आकडे मोजायला लावायची. पहिल्या दिवशी सातालाच वर आली, नाकातोंडात पाणी, लालबुंद. मी म्हटलं, "सोड गं." ती म्हणाली, "मोजा परत." महिन्यात पंचेचाळीसवर गेली. मग बायकांच्या बॅचला नाव घातलं, आठवड्यातून तीन सकाळी. घरी येते तेव्हा अंगाला क्लोरीनचा वास येतो आणि भूक लागलेली असते. बायकोला भूक लागलेली मी कित्येक वर्षांत बघितली नव्हती. उभ्या उभ्या पोळी खाते. आणि परवा तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं म्हणे, की तुम्ही आता समुद्रात नळी तोंडात धरून तरंगायला हरकत नाही. त्यानंतर ही चार पुस्तकं आली. एकतीस वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. नाही, चुकलो. दुसरी. पहिली म्हणजे, डोळ्यात बघा.

आता पान सात. दोन वर्षांपूर्वी त्या सहलवाल्या कंपनीचा माणूस आमच्याकडे यायचा. सगळे त्याला टायवाला म्हणायचे, कारण उन्हाळ्यातही टाय. त्यानं फोटो आणून दिला. पाण्याखालचा, मोठा, आणि सगळाच्या सगळा पांढरट. झाडासारख्या फांद्या, बशांसारखे थर, सगळं चुन्यात बुडवून काढल्यासारखं. मी बघताक्षणी निकाल दिला: उजेड जास्त झालाय. फोटो काढणारा कच्चा आहे. पाण्याखाली लाल रंग आधी मरतो हे मला माहीत होतं, तो परत ओढून आणणं हे आमचं रोजचं आणि अगदी सरळ काम. मी उजेड खाली आणला, लाल ओढायला घेतला. येईना. पांढरं होतं ते राखाडी झालं. मला चेव चढला. मशिनमध्ये दुसऱ्या कुठल्यातरी समुद्राचा जुना फोटो पडला होता, त्यातून नारिंगी उचलला, गुलाबी उचलला, फांदीफांदीवर बसवला. जांभळा माझ्या मनानं. एक मासा होता, त्याचे चार केले. बाइंडर पुस्तकं शिवता शिवता मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "काका, नवरीलासुद्धा एवढा मेकअप नसतो हो!" सगळे हसले. मीही हसलो, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दिवसभर पुढाऱ्यांच्या टकलावरची चमक पुसणाऱ्याला असं काही रंगवायला मिळतं कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची नजर टाकायला मूळ फोटो उघडला, आणि डाव्या कोपऱ्यात मला तो दिसला. पाण्यात उतरलेला माणूस. नुसते पाय आणि एक हात. पायात पोहताना घालतात त्या रबरी पंख्या, लिंबासारख्या पिवळ्या, आणि हात हातासारखा. नखंसुद्धा गुलाबी. मी खुर्चीत मागे टेकलो. उजेड बरोबर होता. पहिल्यापासून बरोबर होता. फोटोवाला कच्चा नव्हता, कच्चा मी होतो. ते पांढरंच होतं. मेलेलं. तीस वर्षांची किल्ली खिशात, आणि मी कुलूप फोडत बसलो होतो. टायवाला आला तेव्हा त्याला मी म्हणालो, "साहेब, हे खरंच पांढरं आहे हो." त्यानं आजूबाजूला बघितलंसुद्धा नाही. "होतं तसं. पाणी तापलं की पांढरं पडतं. पुन्हा रंगतं म्हणतात. तोवर तुम्ही रंगवा की!" आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. मी काय केलं? मी तो कोपरा कापला. पाय, हात, सगळं फोटोच्या बाहेर. कुणी सांगितलं नव्हतं. आपणहून. पान छापलं गेलं, मालकांनी कौतुक केलं, आणि त्याचा एक तुकडा मी माझ्या टेबलामागच्या फळीवर टाचून ठेवला. अजून आहे तिथं. त्या पानावर भुलून किती लोक गेले असतील याचा मी एकदाही विचार केला नव्हता. गेले असतील, पाण्यात तोंड घातलं असेल, वर येऊन नवरा-बायको एकमेकांकडे बघून काही बोलले नसतील. लोकांचं काय, लोक जातच असतात कुठेतरी. पण आज ते पान माझ्या घरात आलं, माझ्या चहाच्या कपाशेजारी.

"बोला ना," ती म्हणाली. "खरं आहे ना?"

आता माणसानं काय करावं? एक वाक्य होतं. अगं, हे मी केलंय. पाच शब्दसुद्धा नाहीत. पण ते वाक्य एकटं येत नव्हतं, त्याच्यामागे ट्यूबलाईट येत होती. हे खोटं म्हटलं की, मग तेव्हा तुम्हाला कळत नव्हतं की बघायचं नव्हतं, हा प्रश्न आलाच. तिनं विचारला नसता. पण मला ऐकू आला असता. चोराच्या मनात चांदणं. म्हणून मी शहाण्यासारखा चेहरा केला, चष्मा वर सरकवला आणि म्हणालो, "फोटोचं सोड. पण तिथली बोट फार लहान असते म्हणे. हलते. तुला मळमळेल."

"गोळी घेते मी. विचारून ठेवलंय."

"आणि पायऱ्या असतात बोटीला, उभ्या. तुझे गुडघे..."

"शिडी आहे, कठडा आहे. फोनवर विचारलं त्यांना. मागच्या महिन्यात सत्तर वर्षांच्या बाई उतरल्या."

"सत्तर वर्षांच्या बाईंचं काय सांगतेस! त्यांना पुढे कुठे जायचंय?" हे मी विनोद म्हणून बोललो. ती हसली नाही. मग मी तिसऱ्या पुस्तकातलं पान बारा उघडलं, डोंगर, धुकं, लाकडी घरं. "हे बघ. किती शांत. चालायला सपाट रस्ते. मला तरी हे बरं वाटतं." पान बारा मी केलेलं नव्हतं, एवढाच त्याचा गुण. ती डोंगराकडे बघत होती, म्हणजे पानाकडे नजर होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की ती आता उत्तर मिळण्याची वाट बघत नाहीये. हे मी इतक्या वर्षांत प्रथमच पाहिलं. गंमत म्हणजे मला सुटल्यासारखं झालं.

"बरं," ती म्हणाली. "नको मग."

चारही पुस्तकं तिनं एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या, रद्दीच्या गठ्ठ्यावर नेऊन ठेवली. टेबल पुसलं. माझा कप उचलून खालचा गोल डाग पुसला आणि कप परत ठेवला. दुपारचे तीन वाजले असतील, समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. मी म्हटलं, चला, मिटलं. संध्याकाळी हिला जरा बाहेर नेऊ, पुढच्या वर्षी बघू, तोवर तिथं रंग परत आलेलाही असेल. टायवाला म्हणालाच होता. मी असा स्वतःची समजूत काढत बसलो होतो, आणि ती दाराकडे गेली. खुंटीवर तिची पोहण्याची पिशवी होती. तिनं ती काढली, जमिनीवर बसून उघडली. टोपी, चष्मा, टॉवेल, साबणाची डबी. एकेक वस्तू बाहेर काढून तिनं पिशवी उलटी करून झटकली, घडी घातली, आणि उठून स्टूल ओढलं. माळ्यावर टाकायला. माळ्यावर आईचं बेडपॅन आहे, कुबड्या आहेत, जे पुन्हा लागणार नाही ते सगळं आहे. ती स्टुलावर चढली, गुडघा कटकन वाजला.

"अगं, थांब," मी म्हणालो. "तो फोटो मी केलाय."

ती स्टुलावरच उभी राहिली, हातात पिशवीची घडी.

मग मी सगळं सांगितलं. बांध फुटला की पाणी थोडंच विचारून येतं! पांढरं, राखाडी, दुसऱ्या समुद्राचा नारिंगी, एका माशाचे चार, पिवळ्या पंख्या, कोपरा कापला तो. मी इतका वेळ कधी बोललेलो नाही. बोलता बोलता मला असंही वाटायला लागलं की मी काहीतरी मोठं करतोय, आणि ती आता खाली उतरून माझ्या खांद्यावर हात ठेवेल. "तुला तिथं नेऊन ते मेलेलं दाखवायचं माझ्या जिवावर आलं," मी म्हणालो. "म्हणून नको म्हणत होतो. तुझ्यासाठीच."

ती स्टुलावरून उतरली. सावकाश, भिंतीला धरून.

"मला वाटलं, माझ्याबरोबर यायचं नाही म्हणून टाळताय," ती म्हणाली. "त्याची मला सवय आहे हो. त्याचं काही नाही. एकटी गेले असते पुढच्या वर्षी." तिनं पिशवीची घडी मोडली. "दोन वर्षं लोक तिथं जातायत?"

"हो."

"तुमचं बघून."

मी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"आणि तुम्हाला वाईट आज वाटलं."

तिनं आवाज चढवला असता तर मीही चढवला असता, तेवढं तर येतं मला. पण तिनं नुसतं सांगितलं, दूध उतू गेलं हे सांगावं तसं. आई पिवळ्या दिसतायत हे सांगितलं होतं तसं. मी खाली बघत राहिलो. माझ्या बोटांवर शाईचा डाग होता, काळा, पक्का काळा, त्यावरून सगळ्या घराचा उजेड लावता आला असता.

ती रद्दीकडे गेली. गठ्ठ्यातून पान सातवालं पुस्तक काढलं आणि परत टेबलाशी येऊन बसली. शेवटी दुमडलेला फॉर्म असतो, तो तिनं नखानं रेघ मारून नीट फाडला. ड्रॉवरमधून पेन घेतलं, झाकण उघडून हातावर चालवून बघितलं. मला वाटलं, तक्रार लिहितेय की काय कंपनीला! पण तिनं वरच्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. खालच्या ओळीत माझं.

"अगं, सांगितलं ना तुला. तिथं काही नाहीये आता. सगळं पांढरं आहे."

"असू दे. मी आईंना बघितलंय जवळून, हळूहळू जाताना. तुम्ही बघितलेलं नाही."

"मला पोहता येत नाही."

"जॅकेट देतात. धरून ठेवीन मी तुम्हाला." तिनं वर न बघता पुढच्या रकान्यात टिक केली, मग त्याच्या पुढच्या. उजवा हात भराभर चालत होता. अकरा वर्षं औषधांच्या वेळा लिहून तिचं अक्षर फार स्वच्छ झालंय. बारीक अक्षरातली एक ओळ आली तिथं ती थांबली, कागद लांब धरून वाचला.

"पाण्यातला चष्मा नंबरचा देतात म्हणे," ती म्हणाली. "आधी कळवावं लागतं, म्हणजे खाली स्पष्ट दिसतं. तुमचा नंबर काय आहे सध्या?"

मी डाव्या डोळ्याचा सांगितला. तिनं लिहिला आणि उजव्यासाठी थांबून राहिली.